मामास्नी विचारून सांगतो : करवीरमधल्या एका गोठ्याचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं गाव. घरामागं पत्र्याचा गोठा, दाव्याला पाच म्हशी आणि दोन रेड्या. ऊस आहे, पण त्याचे पैसे वर्षाकाठी हातात येणार. रोजचं घर चालतं ते दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर. या घरातल्या सुनेचं हे प्रकरण आहे. दूध उत्पादक बायकांच्या प्रशिक्षणात मी शिकवायला जाते, तिथं ती भेटली आणि पुढं संपर्क राहिला. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, घरातले एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

वय तिशीच्या पुढं, शिक्षण बारावी. नवरा चाकणच्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी; गावी येणं सणावाराला. गोठा सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा. पहाटेचं शेणघाण, दोन्ही वेळच्या धारा, डेअरीला दूध घालणं, वैरणीचा भारा, कडबाकुट्टी, आंबोण, रेडकांची निगा, हे सगळं तिच्याकडं. कुठली म्हैस ठेवायची, कुठली विकायची, कधी भरवायची, डॉक्टरला कधी बोलवायचं, पेंड कुठली आणायची, हे मामांकडं. दुधाचं बिलही त्यांच्याच खात्यावर. ही वाटणी कुणी कधी बसून केलेली नव्हती आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. मामा माणूस चांगला, म्हशीतला दर्दी. प्रशिक्षणात काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मामास्नी विचारून सांगतो."

एकदा मी जरा खोदून विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं? मी नुस्तं राबतो," म्हणाली. त्याच दिवशी चहाच्या वेळी ती शेजारणीला सांगत होती, की एका म्हशीनं पान्हा चोरला, म्हणजे दूध रोखून धरलं, की बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज बदलतो, आणि तसा आवाज आला की ती म्हैस माजावर, म्हणजे भरवायला तयार असते, बाकीची लक्षणं दिसोत न दिसोत. माजावरची म्हैस पान्हा चोरते हे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. ते धारेच्या आवाजावरून ओळखायला शिकवणं आमच्या आवाक्यातलं नाही.

अनुभवानं आत्मविश्वास येतो असं आपण सरसकट म्हणून टाकतो. या बाईकडं दहा वर्षांच्या वर अनुभव होता, पण तो राबण्याचा. ठरवण्याचा अनुभव काहीच नव्हता. तिचा अंदाज बरोबर निघाला तरी तो आधी कुणाला सांगितलेला नसायचा, आणि चुकला तरी तो तिच्या नावावर लागत नसे. मग आपल्याला किती कळतं याचा हिशेब ती कशावरून मांडणार?

पुढं मामांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं कुणाला समजेनासं झालं.

पहिले काही महिने गोठा चाकणहून चालला. नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, काही असलं की फोन कर, मी सांगतो तसं कर. ऐकायला हे सोयीचं वाटतं. गोठ्यात ते कसं बिघडतं हे कळायला म्हशीचा माज समजून घ्यावा लागतो. गाईसारखा तो उघड नसतो. बऱ्याच म्हशींचा माज मुका. लक्षणं दिसलीच तर रात्री किंवा पहाटे. म्हैस थोडी रेकते, वारंवार लघवी करते, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकते, खाण्यावरचं लक्ष उडतं. हे सगळं साधारण दिवसभर टिकतं. सकाळी दिसलं तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हुकलं की पुन्हा एकवीस दिवस वाट बघायची. म्हैस गाभ राहिल्यापासून व्यायला दहा महिने आणि वर दहा दिवस लागतात, आणि हुकलेला प्रत्येक माज पुढचं वेत आणखी एकवीस दिवसांनी लांबवतो आणि त्या काळातली वैरण खिशातून जाते.

ती पहाटे बघायची आणि फोन लावायची. नवऱ्याचा मोबाइल शिफ्ट संपेपर्यंत लॉकरमध्ये. संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "नक्की माजावरच हाय का? उगंच खर्च नको. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी म्हैस शांत. असे माज हुकले. नवऱ्याचा तरी काय दोष? त्याला तिथून दिसणार काय? जिला दिसत होतं तिनं ठरवायचं नव्हतं आणि ज्यानं ठरवायचं त्याला दिसत नव्हतं.

हा गुंता सोडवला तो गावात येणाऱ्या कृत्रिम रेतनवाल्यानं. माझ्या प्रशिक्षणाचं श्रेय त्यात फारसं नाही. माणूस तुटक बोलणारा. हुकलेल्या माजाचं ऐकून त्यानं एवढंच सांगितलं, "फोन आधी मला, मग नवऱ्याला." आणि एक अट घातली. "मी हात घालायच्या आधी तू सांगायचं, माजावर हाय का न्हाई. आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचं."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात म्हशीचं नाव आणि पुढं ‘हाय’ किंवा ‘न्हाई’. तो तपासून सांगायचा, ते खाली लिहायचं. तीन महिन्यांनी गाभण तपासणी, म्हणजे दुसरा निकाल. सुरुवातीला तिनं जागोजाग ‘शंका’ लिहिलं. तो वैतागला. "शंका हे उत्तर न्हाई. चुकलं तर चुकलं." मग चौकोनांतून शंका कमी होत गेली. एकदा तिनं ठामपणे ‘हाय’ लिहिलं आणि ते चुकलं. म्हैस सोट टाकत होती खरी, पण तो गढूळ होता. गर्भाशयाला संसर्ग झालेला. माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ असतो आणि तार धरतो. हा फरक तिला आता कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. आम्ही तो प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो, आणि बहुतेकजणी तो तिथंच ठेवून घरी जातात.

निकाल लागल्यावर "मला वाटतच होतं" असं आपण सगळेच म्हणतो. आधी लिहिलेलं असलं की ती पळवाट राहत नाही. पण मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्या माणसाला स्वतःच्या डोक्याबद्दल खात्री नसते, ते आपले बरोबर आलेले अंदाज विसरून जातं आणि चुकलेले तेवढे उराशी धरून ठेवतं. कॅलेंडर दोन्ही धरून ठेवतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये स्वक्षमतेची, म्हणजे ‘अमुक एक काम मला जमेल’ या विश्वासाची, मांडणी केली. हा विश्वास चार वाटांनी येतो असं त्याचं म्हणणं: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते जमताना बघणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिली वाट सगळ्यांत पक्की, नुसत्या शब्दांचा धीर त्या मानानं कच्चा. आमच्याकडं महिला दिनाला हॉल भरून जी भाषणं होतात ती सगळी तिसऱ्याच वाटेवरची. ‘तू करू शकतेस’ हे ऐकून बाई टाळ्या वाजवते, घरी जाते, आणि संध्याकाळी पेंड कुठली आणायची हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. चौथ्या वाटेचंही तिच्या बाबतीत दिसलं. रेतनवाल्याला स्वतःहून फोन लावताना तिची छाती धडधडायची, आणि धडधडतंय म्हणजे आपलं हे काम न्हाई, असा तिनं अर्थ काढला होता. पुढं धडधड तशीच राहिली, अर्थ तेवढा बदलला.

माजानंतर तिनं जे हातात घेतलं त्याचा निकाल त्याहून लवकर येणारा होता. दूध घातलं की डेअरीत फॅट लागते, पावती हातात पडते. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या खाली-वर पैसे हलतात. गळीत हंगामात आमच्याकडं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्त, म्हणून गोठ्यागोठ्यांत नुसतं वाडंच. तिच्याकडं फॅट उतरलेली. तिनं वाडं कमी केलं, कडबा वाढवला, क्षार मिश्रण सुरू केलं, आणि पावत्या खिळ्याला टोचत गेली. फॅट सावकाश वर आली. नवऱ्याला तिनं हे कळवलं, विचारलं नाही. फरक लहान आहे आणि त्यानं तो ओळखला. दोन दिवस फोनवर जरा कोरडाच होता.

म्हैस खरेदीचं प्रकरण मात्र वेगळं. एक म्हैस म्हातारी झाली म्हणून विकली आणि दुसरी आणायची होती. वडगावच्या जनावरांच्या बाजारात ती भावाला घेऊन गेली. दुसऱ्या वेताची, कास भरलेली, डोळ्यांत भरण्यासारखी म्हैस. तिला कास जरा जास्तच ताठ वाटली, एक सड बाकीच्यांपेक्षा बारीक वाटला. ती काही बोलली नाही. भाऊ म्हणाला, "झकास हाय, घेऊन टाक," आणि पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की विकणाऱ्यानं आदली धार न काढता कास तुंबवलेली होती आणि बारीक सडातून दूध जवळजवळ नव्हतंच.

मला सांगताना तिचा सूर पुन्हा पहिल्यासारखा झालेला. "बघा, म्हणून म्हणतो, मला कळत न्हाई." मी तिला बाजारातला प्रसंग क्रमानं सांगायला लावला. काय दिसलं, काय वाटलं, कोण काय बोललं. सांगता सांगता तीच थांबली. कास आणि सड दोन्ही तिला दिसले होते. चूक ओळखण्यात नव्हती. ओळखलेलं बोलून न दाखवण्यात होती, आणि ‘घे’ हा शब्द तर भावाचा होता. अपयश आलं की ते कुणाच्या निर्णयाचं हे न बघता बाई ते आपल्या खात्यावर लावून घेते. अशानं अनुभव वाढत जातो आणि विश्वास घटत जातो. प्रशिक्षणातल्या कितीतरी बायकांत मी हे बघते.

त्यानंतरची म्हैस तिनं बाजारातून घेतलीच नाही. विकणाऱ्याच्या गोठ्यावर गेली आणि म्हणाली, आज संध्याकाळची आणि उद्या सकाळची, दोन धारा माझ्यासमोर काढायच्या, मग पैशाचं बोलू. विकणारा हसला. "गंगावेशीत आलाय का दूध प्यायला?" गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पितं, त्यावरून टोमणा. ती म्हणाली, "एका पेल्याला लोक उभं राहून बघत्यात, मी तर म्हैस घ्यायला आलोय." पाहुण्यांकडं मुक्काम केला, दोन्ही धारा स्वतः काढल्या, चारही सड हातानं बघितले. म्हैस घेतली. ती आजही तिच्या गोठ्यात आहे.

सगळंच असं सुरळीत झालं नाही. एका म्हशीच्या कासेला दगडी, म्हणजे कासदाह, झाली. तिनं घरगुती उपाय करत वेळ घालवला, डॉक्टर उशिरा आला, एक सड कायमचा गेला. हा निर्णय पूर्णपणे तिचा होता आणि तो महागात पडला. तरी या खेपेला ‘मला कळत न्हाई’ आलं नाही. "दुधात गाठी दिसल्या त्याच दिवशी फोन लावायला पायजे हुता," एवढंच म्हणाली. नेमकी कुठं चुकलो हे सांगता येणं आणि सगळ्याच बाबतीत आपण कच्चे असं वाटणं, या दोन अवस्थांमध्ये केवढं अंतर आहे ते मला त्या वाक्यात दिसलं. बांडुराचंही म्हणणं होतं की सहज मिळालेल्या यशावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या धक्क्याला खचतो. अडचणीतून वाट काढल्यानं येतो तो टिकतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, निर्णय घेत जा, आत्मविश्वास वाढत जाईल, आणि मग त्या विश्वासावर पुढचे निर्णय घ्या. नदीकाठच्या गावात हे धोक्याचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मामांनी म्हशी हलवायला उशीर केला होता. त्यांना अनुभव नव्हता म्हणून नव्हे, होता म्हणूनच. २००५ च्या पुरात पाणी गोठ्याच्या पायरीशी येऊन थांबलं होतं, त्या खुणेवर त्यांचा पूर्ण भरवसा. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावरची, म्हणजे जिथं पंचगंगेचं पाणी मोजतात तिथली, पातळी ५५ फुटांच्या वर गेली. खूण पाण्याखाली गेली, दावी कापून म्हशी सोडाव्या लागल्या आणि एक रेडी परत मिळाली नाही. काठच्या किती गावांत लोक याच खुणेवर विसंबून बसले होते! २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा तितकंच चढलं, पण तोवर शहाणपण आलेलं होतं. झटका त्यानंतरचा, म्हणजे पुढच्या पुराचा निर्णय तिच्यावर आला.

डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची अंदाजाबद्दलची मतं एकमेकांविरुद्ध. काहनेमनचा भर माणसाचा अंदाज कसा फसतो यावर, क्लाइनचा अनुभवी माणसाच्या अंदाजातल्या ताकदीवर. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि ज्यावर दोघांचं एकमत झालं ते असं: अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबावं ते दोन अटींवर. परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि त्या माणसाला पुन्हा पुन्हा निकाल मिळून शिकायची संधी मिळालेली हवी. म्हशीचा माज दोन्ही अटींत बसतो. महापूर एकाही अटीत नीट बसत नाही. आयुष्यात तो मोजक्या वेळा येतो, आणि धरणक्षेत्रात पाऊस किती पडला, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, कासारी-कुंभी-तुळशी या उपनद्यांना किती पाणी आहे, यावर प्रत्येक वेळचं गणित निराळं.

मी तिला हे माझ्या परीनं सांगितलं. तिनं जे काढलं ते माझ्यापेक्षा व्यवहारी होतं. "गोठ्यात पाणी यायच्या आधी रस्ता बुडतोय. मग टेंपो येत न्हाई. मग पायरी कशाला बघायची?" उन्हाळ्यातच, आभाळ कोरडं असताना, तिनं कॅलेंडरच्या जुलैच्या पानावर लिहून ठेवलं: ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, झाली की गाभण म्हशी आणि रेडकं उंचावरच्या गावी, मावशीकडं. ४१ ला सगळी. ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. टेंपोवाल्याशी आणि मावशीशी तेव्हाच बोलून ठेवलं. त्या वेळी मनाला काय वाटेल त्याला यात जागाच ठेवली नाही. हा निर्णयही तिचाच, पण डोकं शांत असताना घेतलेला.

२०२४ च्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली. म्हशी त्याआधीच हलवून झाल्या होत्या. पाणी २०१९ आणि २०२१ इतकं चढलं नाही. रस्ता बुडाला, गोठा कोरडा राहिला. म्हशी जागा बदलल्यानं आटल्या, टेंपोचं भाडं गेलं, मावशीच्या दारात वैरण विकत घ्यावी लागली. परत आल्यावर गल्लीत ऐकून घ्यावं लागलं, "उगंच वणवण केलीस की गं." नवऱ्यानंही फोनवर खर्चाचा आकडा विचारला. "पाणी आलं असतं तर इचारला असता का?" ती म्हणाली, आणि त्यावर दोघांचं चांगलंच वाजलं.

या प्रकरणातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग हाच, कारण इथं निकालानं तिला साथ दिली नाही. माज ओळखला की गाभण तपासणी पाठीशी उभी राहते. इथं कोरडा गोठा उलट साक्ष देत होता. एक संध्याकाळ तिला वाईट गेली, हे तिनं कबूल केलं. पुढच्या वर्षी किती फुटांना हलवणार, मी विचारलं. "एक्केचाळीस."

बाकी घर बरंचसं तसंच आहे. दुधाचं बिल आता तिच्या खात्यावर येतं, पण बँकेचा कागद आला की ती नवऱ्याची वाट बघते. मुलाला पाचवीला कुठल्या शाळेत घालायचं हा विषय निघाला तेव्हा "त्यांस्नी विचारायला पायजे" म्हणून मोकळी झाली. मला याचं नवल वाटलं नाही. गोठ्यात कमावलेला विश्वास शाळेच्या फॉर्मपर्यंत आपोआप चालत जात नाही. तिथं तिनं अजून काही ठरवलेलंच नाही. मामा खाटेवरून गोठ्याकडं तोंड करून बसतात. नवीन म्हैस आणली की ती त्यांच्यासमोरून फिरवून नेते. डावा हात हलवून ते काहीतरी सांगतात, कधी पसंतीचं, कधी नापसंतीचं. नापसंतीची एक तिनं ठेवूनही घेतली.

नवऱ्याचा आता बेत आहे की कर्ज काढून गोठा दहा म्हशींचा करावा आणि चाकण सोडावं. तिचं म्हणणं, वैरण आहे सहाची, आधी रान बघा. हा वाद चालू आहे, आणि खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

मध्यंतरी दूध संस्थेची निवडणूक लागली. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यातल्या एकीसाठी तिला विचारायला माणसं आली. फॉर्मवर सही कर, बाकीचं आम्ही बघतो, म्हणाली. तिनं विचारलं, मीटिंगला काय काय ठरतं? पेंड कुणाकडनं घ्यायची ते ठरतं का? दिवाळीला मिळणारा दूधदराचा फरक कसा वाटायचा ते? फॅटचं मशीन कधी तपासायचं ते? आलेल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि सेक्रेटरीला विचारून सांगतो म्हणाली. सेक्रेटरी येऊन मागची प्रोसिडिंगची वही दाखवणार असेल तर बघू, असं तिनं कळवून ठेवलंय.